वयोमानानुसार

९ सप्टेंबर

कंपनीने दिलेल्या वहीत ‘मतभेदाचे कारण’ या रकान्याला बोटभर जागा आहे. मला बोटभर जागेत भांडता येत नाही, म्हणून घरी येऊन ही दैनंदिनी उघडली.

भांडण सॉफ्टवेअरशी. आमच्या खोलीत हृदयाची सोनोग्राफी होते, तिथे आजपासून आणखी एक पडदा लागला आहे. आम्ही हृदयाची हलती चित्रं घ्यायची, सॉफ्टवेअर ती बघणार आणि निकाल देणार. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे आजार. ते चुकलं तर मी ‘दुरुस्ती’चं बटण दाबायचं आणि खरं काय ते लिहायचं, त्यातून ते शिकणार. नंतर ते लांबच्या छोट्या दवाखान्यांत जाईल, जिथे हृदयाचा डॉक्टर कधी फिरकलेला नाही. तिथे ते म्हणेल ते शेवटचं. तोवर त्याचे कान धरायला मी. निवृत्तीला टेकलेल्या बाईला आणखी कुठलं काम देणार?

हसरीने, म्हणजे आमच्या तंत्रज्ञ बाईने, पहिल्याच दिवशी त्याचं नाव सूनबाई ठेवून टाकलं. “नवी आलीय, मॅडम. आपल्या घरचं वळण तुम्हीच लावा.” कंपनीचा माणूसही हसला. हा गृहस्थ प्रत्येक वाक्य ‘तत्त्वतः’ने सुरू करतो. चहा घेणार का विचारलं तर म्हणाला, “तत्त्वतः मी घेत नाही,” आणि दोन कप प्यायला. त्याचं खरं नाव लक्षात ठेवायची गरजच उरली नाही.

लिफ्ट परत बंद. जिने चढून आले आणि दारातच उभी राहिले. हे म्हणाले, “अगं, आधी बस तरी.” मी म्हटलं, लिफ्टवाल्यांच्या नावाने बोटं मोडतेय, ती उभ्यानेच मोडायची असतात.

१७ सप्टेंबर

आज एक घड्याळजी आले होते. सत्तरीचे, नीटनेटके, भिंग अजून खिशात. सोबत सून. चढण आली की दम लागतो, एवढीच तक्रार.

“दुकान बंद केलं, डॉक्टर. दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या येतात. चिमट्यात स्क्रू धरवत नाही.”

“माझ्याही येतात,” मी म्हटलं. “तुम्हाला चिमटा भोवला, मला हा माउस.”

“पण एक बरं झालं. इतक्या वर्षांची ब्लडप्रेशरची गोळी सुटली. आपोआपच उतरलं.”

“घ्या! माझीही मागच्याच वर्षी सुटली. आपण दोघं उलटे तरुण होत चाललोय.”

फार गोड हसले. मग सूनबाईने लाल दाखवला. ‘भिंतींत साठा असण्याची शक्यता.’ म्हणजे शरीरातलं एक बिघडलेलं प्रथिन हृदयाच्या भिंतींत साचत जातं आणि हृदय हळूहळू ताठ होतं. असा रोगी मी वर्षाकाठी एखादा बघते, आणि हिला महिन्याभरात चार दिसतील अशी चिन्हं आहेत. वर्षानुवर्षं ब्लडप्रेशर असलेल्या माणसाच्या भिंती जाड होणारच. मी दुरुस्ती दाबली आणि लिहिलं: ‘भिंतींची जाडी वयोमानानुसार. काळजीचे कारण नाही.’

वयोमानानुसार हा शब्द माझा लाडका आहे. म्हातारी माणसं या खोलीत येतात तेव्हा निम्मी मेलेली असतात. हा शब्द ऐकला की उठून कपडे नीट करतात, चप्पल शोधतात, बाहेर बसलेल्या मुलाला हाक मारतात. पुस्तकांत नाव यावं असं मोठं काम मी केलेलं नाही, पण या एका शब्दाने कित्येकांना झोप लागली असेल.

घड्याळजी जाताना म्हणाले, “म्हणजे अजून चालेल म्हणता?” मी म्हटलं, “किल्ली द्यायला विसरू नका म्हणजे झालं.”

२ ऑक्टोबर

विभागात आता मी आणि साहेब, दोघंच. साहेब म्हणजे माझा जुना विद्यार्थी, आता माझा वरिष्ठ. बाकीचे एकेक करून गाशा गुंडाळून गेले. मला तरी रोज जाण्यात काय राम वाटतो? सकाळी उठल्यापासूनच दमलेली असते. संध्याकाळी वाटतं, आजही कोणाचं काही भलं झालं नाही, फक्त रांग पुढे सरकली.

तत्त्वतः आज अडून बसला. म्हणाला, “मॅडम, तत्त्वतः त्या लाल निकालांपैकी काही बरोबरही असू शकतील. आपण त्यांची पुढची तपासणी करून बघू या का?”

“तुम्ही किती हृदयं पाहिलीत?”

“एकही नाही.”

“मग?”

बिचाऱ्याने वही उघडली. मग मी त्याला माझा नियम सांगितला, जो साहेबांसकट सगळ्यांना शिकवला आहे: चित्र बघताना रोग्याचं नाव तळव्याने झाकायचं. ओळखीचं नाव दिसलं की डोळे खोटं बोलायला लागतात. त्याने ते लगेच लिहून घेतलं. म्हणाला, सूनबाईला तर नाव दिसतच नाही. तेवढं एक तिच्यात चांगलं आहे.

ह्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, वळणावर, एक प्लॅस्टिकची खुर्ची नेऊन ठेवली आहे. वरच्या आजोबांसाठी म्हणे. वरचे आजोबा जिना दोन दोन पायऱ्यांनी चढतात. भूगोलाच्या मास्तरांना निवृत्तीनंतर काय सुचेल याचा नेम नाही. मी मात्र येताना टेकते, रिकामीच असते म्हणून.

१४ नोव्हेंबर

आज पाहुणे आले, सूनबाईला दवाखान्यांत पाठवायचं की नाही ते ठरवणारे. सगळे सुटाबुटात. ज्या रोग्याला प्रात्यक्षिकासाठी बोलावलं होतं तो आलाच नाही. साहेबांचा चेहरा उतरला, तत्त्वतःला घाम फुटला. मग मीच म्हटलं, चला, सासूलाच झोपवा. पडद्यामागे जाऊन कपडे बदलले, डाव्या कुशीवर झाले आणि हसरीने यंत्र लावलं.

सूनबाईने लाल दाखवला. ठळक. ‘भिंतींत साठा असण्याची दाट शक्यता. पुढील तपासणी तातडीने करावी.’ वर माझं नाव, माझं वय.

 मी कोपरावर उठून पडद्याकडे पाहिलं आणि मला हसू फुटलं. म्हटलं, “बघा, आल्या आल्या सासूला आजारी पाडून मोकळी! अहो, साठीतल्या बाईच्या भिंती आहेत या. वयोमानानुसार जाडच असायच्या.” सगळे पोट धरून हसले. मी पडल्या पडल्या हात लांबवून स्वतःच दुरुस्ती दाबली. एक पाहुणे म्हणाले, यंत्रावर माणसाचा वचक हवा तो असा.

साहेब नाही हसले. जाताना म्हणाले, “मॅडम, एकदा तरी...” मी म्हटलं, पुरे. चारचौघांत तोंडघशी पाडलं तिने मला, ते काय कमी झालं?

१६ नोव्हेंबर

राग दोन दिवस उतरला नाही. आज बसून तिने आजवर साठ्याच्या नावाने दिलेले लाल निकाल काढले आणि एकेक करून सगळे दुरुस्त केले. एकेका चित्रावर फार वेळ घालवावा लागला नाही. वयोमानानुसार, वयोमानानुसार, वयोमानानुसार. बोटं बधिर झाली तेव्हा हसरीला टाइप करायला बसवलं.

तत्त्वतः म्हणाला, “मॅडम, ज्येष्ठ डॉक्टरांची दुरुस्ती ती फार मनावर घेते. तत्त्वतः तिची रचनाच तशी आहे.”

“घ्यायलाच हवी,” मी म्हटलं.

४ डिसेंबर

सूनबाई वळणावर आली. साठ्याचं नाव काढत नाही. परवा तर तिने माझ्या आधीच लिहिलं, ‘भिंतींची जाडी वयोमानानुसार.’ हसरीने टाळी दिली. मलाही बरं वाटलं हे खोटं कशाला बोलू? कोणी तरी आपला शब्द उचलला. लेकीने माझा एकही उचलला नाही, परदेशात बसून मलाच व्यायामाचे व्हिडिओ पाठवते.

ह्यांनी माझ्यासाठी नव्या चपला आणल्या, एक माप मोठ्या. म्हटलं, बायकोच्या पायाचं माप विसरलात? घालून पाहिल्या तर बरोबर बसल्या. जुन्या आटल्या असतील.

२० जानेवारी

निरोप समारंभ. फुलं, शाल, भाषणं. त्यातच बातमी की सूनबाईला मंजुरी मिळाली. तिची आजची आवृत्ती कायम झाली आणि लांबच्या दवाखान्यांकडे रवानाही झाली. साहेबांनी जाहीर केलं, “मॅडम निवृत्त झाल्या तरी त्यांची नजर चाळीस ठिकाणी काम करणार.” मी उत्तर द्यायला उठले, “सूनबाई,” एवढं म्हणाले, आणि नंतरचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा डोकं ह्यांच्या मांडीवर होतं. हे मला फक्त “अगं, अगं” म्हणत होते.

२९ जानेवारी

आठवडाभर तपासण्या झाल्या. आज साहेबांच्या खोलीत गेले. म्हणाले, “तुमचं नंतर बघू, मॅडम. आधी या एका केसमध्ये मला तुमचं मत हवंय.” पडदा माझ्याकडे वळवला. नावावर त्यांनी तळवा ठेवला होता, मी शिकवला तसाच. बाजूला ईसीजीची पट्टी.

मी चष्मा लावला. भिंती जाड. इतक्या जाड भिंती असल्यावर पट्टीवरच्या रेघा उंच हव्यात, तर त्या बुटक्या. हृदय टोकाशी तेवढं आवळतंय, बाकीचं जागच्या जागी.

म्हटलं, “साठा आहे. यात शंका घ्यायलाही जागा नाही. दोन्ही हातांना मुंग्या असतील याच्या, काही वर्षांपासून. ब्लडप्रेशर आपोआप उतरलं असेल. उशीर केलाय फार. आधी कोणी पाहिलं होतं याला?”

साहेबांनी तळवा हलवला नाही.

“औषध लवकर सुरू झालं असतं तर रोखून धरता आलं असतं. आता काय, पाय सुजले की पाणी काढायचं. वर्ष काढलं तरी पुष्कळ. नातेवाइकांना स्पष्ट सांगा, आशा लावू नका.”

त्यांनी तळवा उचलला.

मला वाटलं होतं अशा वेळी काही तरी मोठं वाटेल. मला फक्त एवढं सुचलं की पट्टी नोव्हेंबरातही काढली होती. हसरीने ती उशाशी ठेवली होती आणि मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. साहेब रडायला लागले. मीच त्यांना पाणी दिलं.

३० जानेवारी

ह्यांना एवढंच सांगितलं की भिंती जरा जाड आहेत, गोळ्या चालू केल्यात. “बरं,” म्हणाले आणि कणीक मळायला गेले. सुटले. भोळा स्वभाव कधी कधी उपयोगी पडतो. हल्ली स्वयंपाक शिकायचं खूळ घेतलं आहे.

६ फेब्रुवारी

माझं मेलं काय ते होईल. पण नोव्हेंबरात मी रागाच्या भरात पुसलेले ते सगळे लाल? साहेबांनी त्या लोकांना परत बोलवायला माणूस बसवला आहे. घड्याळजींचा फोन मात्र मी स्वतः लावला. सुनेने उचलला.

“बाबा गेले, डॉक्टर. डिसेंबरातच. सकाळी चहा घेता घेता.”

 मग तीच बोलत राहिली. “तुमचं नाव फार घ्यायचे. पाय सुजले तेव्हा आम्ही म्हणत होतो, परत दाखवू या. तर म्हणायचे, त्या बाईंनी सांगितलंय, वयोमानानुसार आहे, अजून चालेल म्हणून. अगदी निश्चिंत गेले बघा. तुमचे उपकार आहेत.”

माझे उपकार! मी फोन ठेवला आणि टेबलाला धरून बसले. तिने शिव्या दिल्या असत्या तर हातात धरायला काही तरी मिळालं असतं.

११ फेब्रुवारी

तत्त्वतः घरी आला. ह्यांनी दोन कप चहा दिला. मी त्याला सगळं सांगितलं, एकही शब्द न झाकता. म्हटलं, माझ्या सगळ्या दुरुस्त्या काढून टाका, आणि तिला पुन्हा पहिल्यासारखी करा.

त्याने कप खाली ठेवला. “तत्त्वतः शक्य आहे, मॅडम. पण मंजुरी या आवृत्तीला मिळालीय. बदल केला की सगळ्या चाचण्या पुन्हा. दीड वर्ष, कदाचित दोन. तोवर ही काढून घेतली तर त्या दवाखान्यांत काहीच राहत नाही, आणि बाकीच्या आजारांत ती चांगली आहे. मी आजच कंपनीला लिहून टाकतो. पण ते थांबवतील असं मला वाटत नाही.”

“आणि या दोन वर्षांत जे येतील त्यांचं काय?”

या वेळी तो तत्त्वतः म्हणाला नाही. रिकामे कप उचलून आत ठेवून आला.

दारात चपला घालताना हळूच म्हणाला, “तिला पहिल्यांदा बरोबर कळलं होतं, मॅडम.” मला दुखवायला नव्हता म्हणाला. आपल्या पोरीबद्दल बाप बोलतो तसं म्हणाला.

२७ फेब्रुवारी

मीही कंपनीला पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं. माझ्या पत्राची नोंद घेतली आहे आणि माझ्या प्रदीर्घ सेवेबद्दल ते ऋणी आहेत. साहेबांनी दवाखान्यांना स्वतः पत्रं धाडली. एका ठिकाणाहून नर्सने उलट विचारलं, निकाल हिरवा असेल तर शंका कशी घ्यायची, ते कृपया कळवावे. साहेबांनी मला विचारलं काय लिहू. मलाही सांगता आलं नाही. शंका घ्यायला हृदयं पाहिलेली माणसं लागतात, आणि ज्यांनी पाहिली त्यांनी काय दिवे लावले ते समोर आहे.

लेक पुढच्या महिन्यात येते आहे. अचानक रजा मिळाली म्हणे. मी तिला काही कळवलेलं नाही.

१९ मार्च

लिहायला बोटं ऐकत नाहीत, म्हणून थोडक्यात.

आज साहेबांना दाखवायला गेले होते. परतताना हसरीला म्हटलं, मला एकदा टेबलावर घे. तिने वाद घातला नाही. हे माझ्या चपला हातात धरून दाराशी उभे राहिले. डाव्या कुशीवर झाले. तेच यंत्र, तोच गार जेल. फक्त पडद्यावर नवी, कायम झालेली सूनबाई.

आता माझ्या भिंती नोव्हेंबरापेक्षा जाड आहेत. फुप्फुसाबाहेर पाणी आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसावं.

हिरवा.

‘भिंतींची जाडी वयोमानानुसार. काळजीचे कारण नाही.’

माझाच शब्द, माझंच वाक्य, पूर्णविरामासकट. एवढी आज्ञाधारक सून कोणाला मिळाली नसेल. मी सवयीने हात लांबवला. दुरुस्तीचं बटण तिथे नव्हतं. कायम झालेल्या आवृत्तीत ते काढून टाकलं आहे, हसरी म्हणाली, नर्सच्या हातून चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. हसरीच्या तोंडावर हसू नव्हतं. तिला तशी मी पहिल्यांदाच पाहिली.

चाळीस ठिकाणी आत्ता कोणी तरी असंच कुशीवर झोपलं असेल. उठेल, कपडे नीट करेल, चप्पल शोधेल.

हे पुढे आले आणि पडद्याकडे न बघताच म्हणाले, “हिरवा म्हणजे चांगलं ना गं?”

मी हो म्हटलं.

“बघ, मी म्हणत नव्हतो?” असं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. किती वेळ पुसत होते. मग खाली बसून माझ्या पायांत चपला सरकवल्या. या आणखी एक माप मोठ्या आहेत, कधी आणल्या मला कळलंही नाही. घरी येईपर्यंत रस्ताभर हे सांगत होते की पुढच्या हिवाळ्यात आपण समुद्र बघायला जाऊ, नकाशावर जागा काढून ठेवली आहे. मी कुठली जागा ते विचारत राहिले.